बाकीचं

आई रोज पहाटे अनशापोटी थायरॉइडची गोळी घेते. वर लिहिलेलं असतं, 50 मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याहूनही कितीतरी कमी. तेवढंच औषध नुसतं तिच्या तळहातावर ठेवलं असतं तर फुंकरीसरशी उडून गेलं असतं. गोळी 100 मिलिग्रॅमची धरली तर 2000 भागांत औषध एक भाग. बाकीचं लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज असलं काहीबाही. माझी उभी नोकरी या बाकीच्यात गेली.

पुस्तकं त्याला निष्क्रिय घटक म्हणतात. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिटवरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून त्याजागी लॅक्टोज घातलं गेलं. डोस तोच, तरी रुग्णांचे तोल जाऊ लागले. तपासलं तर रक्तात औषध वाढलेलं. आधीची पूड थोडं औषध अडवून धरत होती आणि रुग्णांचे डोस त्या हिशेबानेच बसलेले होते. निष्क्रिय म्हणे!

कारखान्यात आम्ही स्टार्चची खळ शिजवून पावडरीत ओतायचो. पाणी पुरेसं झालं का हे मिक्सरचा मीटर सांगायचा, पण आमचे जुने ऑपरेटर हात घालून मूठभर माल दाबायचे. मुटका व्हायला हवा, आणि अंगठा लावताच तो दोन तुकड्यांत स्वच्छ मोडायला हवा. भुगा झाला तर खळ कमी, बोटांना चिकटला तर जास्त. कोरडा राहिलेला माल पुढे मशीनवर सूड उगवतो, गोळीची टोपीच निघून येते.

सगळ्यात शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट. शंभर किलोला जेमतेम किलोभर, गोळी दाबणाऱ्या पंचला माल चिकटू नये म्हणून. ते पाच मिनिटंच फिरवायचं. जास्त फिरवलं की दाण्यादाण्यावर त्याचा मेणचट थर चढतो आणि पाणी आत शिरत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ब्लेंडर चालू करून मी शेजारच्या खोलीत अडकलेला पंच बघायला गेलो आणि तिथेच रमलो. त्या बॅचच्या गोळ्या दिसायला देखण्या होत्या, गुळगुळीत, एकसारख्या. औषधाचं प्रमाणही चोख भरलं. मग सहा भांड्यांत 37 अंशांच्या पाण्यात सहा गोळ्या सोडल्या. पाती फिरत होती, पाणी नितळ. अर्ध्या तासाने वाकून पाहिलं तर सहाही तळाशी जवळजवळ तशाच, कडा तेवढ्या झिजलेल्या.

मॅनेजरांनी बॅच रेकॉर्ड मागवलं. स्टिअरेटच्या ओळीपुढे मिक्सिंगची वेळ 5 मिनिटं अशी होती. माझ्याच अक्षरात, सकाळीच भरून ठेवलेली.