उभ्या टेबलाला चाकं लावताना

मी केलेली पहिली ट्रॉली महिन्याभरात दुकानात परत आली. मागचा उजवा पाय तळापासून चार इंच उभा चिरला होता. टेबल अस्सल सागवानी, चाकं नवीकोरी, आणि पॉलिश असं उतरलं होतं की येईल त्याला मी ते दाखवत होतो. ज्यांच्या घरी ते गेलं त्या बाईंनी काही धसमुसळेपणा केला नव्हता. चहाचे कप घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारातली संगमरवरी पट्टी ओलांडत होत्या, एवढंच.

जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीत मला २६ वर्षं झाली, पण टेबलाची ट्रॉली करणं म्हणजे काय ते त्या चिरलेल्या पायाने शिकवलं. टेबल उभं राहण्यासाठी केलेलं असतं. त्याच्या पायांवर भार येतो तो वरून, सरळ खाली. चाकं लावून ढकललं की धक्का आडवा बसतो. चाक पट्टीला अडतं, हात वरून पुढे रेटत असतो आणि त्या दोघांमधला पाय तरफेसारखा वापरला जातो. त्यात पायाच्या टोकाला लाकडाचे तंतू उभे असतात. तिथे खालून मारलेला स्क्रू दोन तंतूंच्या मध्ये शिरतो, नीट पकड घेत नाही आणि जोर आला की लाकूडच फाडतो. म्हणून रंग कोणता, मूठ पितळी की काळी, हे सगळं नंतर. आधी सांधे.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मी टेबल पाहतो तेव्हा आधी त्याला उलटं करतो. खालची बाजू खोटं बोलत नाही. सनमायका चिकटवलेला असला तरी आतलं लाकूड तिथे उघडं दिसतं. बारीक भोकं असतील तर टेबल वर्तमानपत्रावर ठेवून बोटाने ठोकायचं. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. असा माल घरात आणू नये. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला मात्र लागते. सांधे खिळखिळे असले तर मी उलट खूश होतो. पूर्वीचे सुतार सरस वापरत. तो कोमट पाण्याने आणि वाफेने सुटतो, त्यामुळे सांधा न तोडता उघडून पुन्हा बसवता येतो. खिळे ठोकून ‘दुरुस्त’ केलेलं टेबल त्याहून कितीतरी वाईट.

अशाच एका रविवारी मला रेडिओचं टेबल मिळालं. वर फळी, खाली लहान कप्पा, २४ बाय १६ इंच, उंची २६. एका काकूंचे गुडघे दुखायचे, हातात ताट घेऊन चालणं त्यांना जमत नव्हतं, त्यांच्यासाठी ते घेतलं. “मला वाकायला लावू नकोस रे बाबा,” एवढीच त्यांची अट होती. म्हणून पायांना करवत लावलीच नाही. चारही पाय तळाशी आडव्या पट्ट्यांनी बांधले; पट्टीची जीभ पायाच्या खाचेत, रात्रभर शिकंज्यात आवळून. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसावा लागतो. पट्ट्यांच्या खाली एक इंच जाडीची चौकट बसवली. तिचे स्क्रू पायांत नाही, पट्ट्यांत घेतले, आणि चाकं त्या चौकटीला लावली. चाकांसकट उंची ३२ इंच झाली, म्हणजे जवळपास ओट्याएवढी. पातेलं ओट्यावरून सरळ ट्रॉलीवर सरकतं. तीन बाजूंना एक इंचाचा कठडा दिला आणि ओट्याकडची बाजू त्यासाठीच मोकळी सोडली.

चाकांबाबत मी हट्टी आहे. बाजारात ५० मिलिमीटरची नाजूक चाकं दिसायला छान असतात, पण दारातली १२ मिलिमीटरची पट्टी त्यांना भिंतीसारखी अडवते. १०० मिलिमीटरचं चाक घेतलं तर तीच पट्टी ओलांडायला जवळपास निम्माच जोर लागतो. हँडलच्या बाजूला ब्रेकवाली फिरती दोन, पुढे सरळ चालणारी दोन. चारही फिरती घेतली तर बोळातून जाताना ट्रॉली भरकटते. क्षमता काढताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागावं. आपल्या फरश्या कुठेच पूर्ण सपाट नसतात. एक चाक बहुतेक वेळा अधांतरीच असतं. वर संगमरवर हवा असेल तर हेही लक्षात असू द्या: दोन फूट बाय दीड फूट, २० मिलिमीटर जाडीचा तुकडा एकटाच १५ किलो भरतो. एवढं वजन माथ्यावर घेऊन ट्रॉली कलंडायला वेळ लागत नाही. संगमरवर खालच्या कप्प्यात शोभतो, आणि तिथे उपयोगीही पडतो.

चपड्याच्या पॉलिशवर माझं प्रेम आहे, पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरा डाग पडतो. म्हणून पाय आणि बाजूंना चपडा, वरच्या फळीला पीयू (पॉलियुरेथेन). जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे डोळ्यांना कळत नाही. पाणी लावून घासा, मुलांना लांब ठेवा, लगदा कागदात गुंडाळून टाका.

काकूंची ट्रॉली सात वर्षं चालते आहे. फराळाची ताटं तिच्यावरूनच बाहेर येतात. सांधे घट्ट आहेत. एक चाक तेवढं बदललं, कारण केस आणि दोरे आसाभोवती गुंडाळून ते जाम झालं होतं. तुमच्या घरी अशी ट्रॉली असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत तिला एकदा उलटं करा आणि चाकं चिमट्याने मोकळी करा.