नदी सज्जन नसते

धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्याला दोन कामे चुकत नाहीत : आल्या पाहुण्याला तुळजापूरचे दर्शन घडवणे आणि मग नळदुर्ग दाखवणे. पावसाळ्यात पाहुणे नर-मादीचे धबधबे बघून 'वा वा' करतात. मी मात्र बांधणाऱ्याच्या संशयी स्वभावाला नमस्कार करतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर हा बांध घालणाऱ्याने नदी सज्जन आहे, असे क्षणभरही धरले नाही. ही बया एक दिवस अंगावर येणारच, असे मानून त्याने पाण्याला वाट ठेवली. म्हणून 400 वर्षांनीही बांध जागेवर आहे.

नदीच्या बाबतीत एवढे शहाणे असलेले आपण संस्था काढायची म्हटली की एकदम संत होतो. "घरचीच माणसं, हिशेब कसला मागायचा?" या एका वाक्यात किती पतपेढ्या बुडाल्या, देव जाणे! डेव्हिड ह्यूम नावाचा स्कॉटिश गृहस्थ 18व्या शतकातच सांगून गेला, की राज्याचे नियम करताना प्रत्येक माणूस लबाड आहे असेच धरावे. आपल्या रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्याने तर खुद्द सरकारलाच त्या यादीत बसवले : 15 दिवसांत काम दिले नाहीस, तर बेकारभत्ता मोज!

आमच्या गल्लीने वर्गणीतून पाण्याची टाकी बसवली, तेव्हा मात्र ह्यूमची जागा तलाठीमामांनी घेतली. टँकर आला की गल्लीच्या टोकाच्या आजींची घागर दर वेळी रिकामीच राहायची, हे त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, "चेअरमन चोर हाय असं धरून नियम लिवा."

नवी टोपी घालून आलेले भावी चेअरमन ताडकन उठले. "मामा, मला चोर म्हणायलाव?"

"तुमाला नाही वो. तुमच्या मागनं येईल त्याला."

गृहस्थ लगेच बसले. मागून येणाऱ्याबद्दल त्यांचीही खात्री होती!

नियम झाले. हिशेब दर महिन्याला मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचायचा. टाकीला कुलुपे दोन. एक किल्ली चेअरमनकडे आणि दुसरी त्याच आजींकडे, कारण त्यांचे आणि चेअरमनांचे तीन पिढ्यांचे भांडण.

दोन उन्हाळे गेले. आजींची घागर रोज भरते. चेअरमन मुळातच सज्जन, की आजींमुळे सज्जन, यावर पारावर अजून वाद चालतो. मामा त्यात पडत नाहीत. ते फक्त आजींची तब्येत विचारतात.