पुन्हा मांड

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी विचारलंही, "बाई, बरं आहे ना?" बरं आहे. पण मधे जे झालं ते सांगायचं धाडस होत नव्हतं. आता सांगते.

सुरुवात माझ्या पुण्याच्या नातीपासून करते, कारण ही गोष्ट निम्मी तिची आहे. वय वर्षं अकरा. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी घोडेस्वारीत सांघिक सुवर्णपदक मिळवलं. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अग्रवाला आणि मुंबईचा हृदय छेडा. उड्या नाहीत, शर्यत नाही. ठरवून दिलेल्या चाली घोड्याकडून अशा करवून घ्यायच्या की स्वार काही करतोय हे दिसूच नये. त्याला ड्रेसाज म्हणतात. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतल्या स्पर्धेनंतर एकदम एकेचाळीस वर्षांनी मिळालं. हे टीव्हीवर बघून आमच्या नातीबाईंनी हट्ट धरला आणि मुलानं तिला घोडेस्वारीच्या वर्गाला घातलं. (मला वाटलं होतं, चार दिवसांचं वेड आहे. कथ्थकचंही तसंच झालं होतं.)

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पडली. मैदानाच्या कडेला ताडपत्रीचा तुकडा वाऱ्यानं उडाला, घोडा बुजला, बाजूला सरला आणि ही खाली. खांद्याला खरचटलं, बाकी काही नाही. पण त्यानंतर ती घोड्यावर बसेना. रविवार आला की पोटात दुखायचं. सुनेनं मला फोन लावून दिला, "आई, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकते ती."

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलंय. सांगायला काय लागतं? पडल्याशिवाय कोणी शिकत नाही, शिवाजी महाराजांचे मावळे, भीमथडीची तट्टं, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, तू बसायला लागलीस का परत स्कूटीवर?"

मी म्हटलं, "कुकर लावलाय गं, नंतर बोलू." कुकर लावलेला नव्हता.

आता माझी गोष्ट. मूलला राहणाऱ्यांना माझी गाडी ठाऊक आहे. १९८६ साली मी लूना घेतली, तेव्हा गावात गाडी चालवणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याएवढ्या. पोरं मागे पळायची. नोकरीच्या खेड्यात जायला दिवसातून दोनच एसट्या होत्या, म्हणून घेतली. पुढं स्कूटी आली. हे गेल्यावर तर गाडी म्हणजे माझे पायच झाले. बँक, दळण, दवाखाना, आणि दर रविवारी मारोड्याला. तिथं माझी जुनी सहकारी राहते. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. मी तिला आठवड्याचे पेपर वाचून दाखवते. अग्रलेख आवडत नसला की डावा हात हलवते, मग पान उलटायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये अशाच एका रविवारी मारोड्याहून परत येत होते. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या, कुठं कुठं पुंजणे उभे. पाच वाजून गेले होते, म्हणजे मीच उशीर केला होता. आमच्याकडे या रस्त्यांना वाघाची भीती असते, त्यामुळं माझं लक्ष सगळं झाडीकडे. आणि आलं काय, तर रानडुक्कर! रपट्याच्या अलीकडे उजवीकडच्या बांधीतून एकदम रस्त्यावर. मी ब्रेक दाबला की गाडी वळवली, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी रस्त्यावर बसलेली आहे, पेपर सगळीकडे उडतायत आणि डावं मनगट भलत्याच दिशेला आहे. हेल्मेट घातलेलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय. डोकं वाचलं त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

सहा आठवडे प्लास्टर होतं. मुलगा येऊन गेला. जाताना स्कूटीवर जुनी चादर टाकून म्हणाला, "आई, आता विकून टाकू." शेजारीण म्हणाली, "आता कायले पायजे बाई गाडी तुमाले? आटो हाये ना." सगळे प्रेमानंच बोलत होते. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ते सगळं ऐकून मला आतून बरं वाटलं होतं.

प्लास्टर निघाल्यावर एकदा चादर काढून गाडी फाटकाबाहेर नेली. सुरू केली. अर्धी गल्ली गेले असेन, तेवढ्यात समोरून एक कोंबडी आडवी गेली. कोंबडी! दोन्ही ब्रेक गच्च दाबून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मी तशीच उभी राहिले. हात थरथरत होते. गाडी बंद करून ढकलत घरी आणली आणि शेजारणीला सांगितलं, पेट्रोल संपलं.

मारोड्याला मात्र जायलाच हवं होतं. मार्चमध्ये ऑटो करून गेले. रपटा आला तसे डोळे मिटून घेतले. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं, दाराबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "गाडी?" मी म्हटलं, "पंक्चर आहे." तिला सगळं कळत होतं. तिनं डावा हात हलवला, अग्रलेख नको असतो तेव्हा हलवते तसा.

त्या रात्री नातीला मीच फोन केला. सांगून टाकलं, की मी बसत नाहीये. मला भीती वाटते, आणि कोंबडीचाही प्रकार सांगितला. ती इतकी हसली की सून धावत आली म्हणे. मग म्हणाली, "मला पण वाटते. आमच्या सरांनी मला परत पहिलीत बसवलंय."

हे पहिलीत बसवणं मला फार आवडलं, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. त्यांचे सर घोड्याला लांब दोरी लावतात आणि स्वतः मधे उभे राहून त्याला गोल फिरवतात. दोरी सरांच्या हातात, त्यामुळं घोडा कुठं जाईल याची काळजी मुलीला नाही. तिच्या हातात लगामसुद्धा नाही. तिनं फक्त बसायचं. घोडा चालतोच आहे, दुडकी चालसुद्धा नाही. चालताना मोठ्यानं आकडे मोजायचे, कारण माणूस घाबरला की श्वास धरून ठेवतो आणि मोजताना श्वास धरता येत नाही. टाचा खाली, नजर समोर. घोड्याच्या मानेकडे बघत बसलं की अंग पुढं झुकतं आणि मांड सुटते. उतरायचाही सराव रोज, दहा-दहा वेळा. उतरता येतं ही खात्री झाली की चढायची भीती कमी होते म्हणे.

आणि घोडा का बुजला, तेही त्यांनी तिला समजावून दिलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. रानात तो दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी, तेव्हा कडेला काही हललं की आधी पळायचं, विचार मग, हेच त्याचं शहाणपण. अंगावर माशी बसली तरी त्याला कळते, मग पाठीवरच्या माणसाच्या मांड्या आवळल्या गेल्या तर कळणार नाही? स्वार घाबरला की घोड्याला वाटतं, याला काहीतरी दिसलंय. म्हणजे ताडपत्रीला घोडा घाबरला, आणि आता नातीला घाबरत होता.

मांड हा शब्द तिला मी दिला. तिथं सगळे सीट म्हणतात. खोगीर, रिकीब, तंग, मोतद्दार हे शब्द मी एकेक करून फोनवर सांगितले, तिनं वहीत लिहून घेतले. आमच्या लहानपणी गावच्या माजी मालगुजाराकडं एक म्हातारी घोडी होती. मालगुजारी १९५१ सालीच गेली होती, घोडी मागे राहिली होती. तिच्यावर मला एकदा बसवलं होतं, तेव्हा मोतद्दार म्हणाला होता, "पोरी, हातानं नाही, मांडीनं धर." एवढंच माझं घोडेस्वारीचं ज्ञान. आणि मी मावळ्यांवर भाषण दिलं होतं!

मग मीही पहिलीत बसले. सकाळी साडेपाचला, उन्हं यायच्या आत, शाळेच्या मोकळ्या मैदानावर. सोबत माझा एक जुना विद्यार्थी, गावात गाड्या दुरुस्त करतो. चौथीत पाढे येत नव्हते म्हणून मी त्याला बाकावर उभं केलेलं आहे. पहिले तीन दिवस गाडी सुरूच केली नाही, नुसती हाताने ढकलत मैदानाला फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी बसून, पायांनी रेटत. मग सुरू करून दहा पावलं आणि थांबणं. पुन्हा दहा पावलं आणि थांबणं. थांबण्याचाच सराव. तो मागून चालायचा, गाडीला मागच्या दांडीला बोट लावून. "मी आहो ना मांगं, बाई," म्हणायचा. एका फेरीला वळून पाहिलं तर तो पार कडुनिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. कधीपासून बसला होता कोण जाणे. मी खूप रागावले. तोंडातल्या तोंडात हसत म्हणाला, "पाढे म्हणा बाई, चालवता चालवता." तर मी बाराचा पाढा म्हणत गाडी चालवली. बारा नवे एकशे आठला पहिल्यांदा खांदे सैल पडले.

दर रविवारी रात्री आमचा हिशेब व्हायचा. ती: आज रिकीब काढून बसले. मी: आज फाटकाबाहेर पडले. ती: आज दुडकी. मी: आज बँकेपर्यंत. एप्रिलमध्ये मी पुन्हा मागे गेले. बाजाराच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, पडले नाही, पण पुढचे पाच दिवस गाडी काढली नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग परत ढकल." तिला यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी परत गाडी ढकलत नेताना लोक बघतायत असं वाटत होतं. कोणी बघत नव्हतं.

खड्ड्याचंही एक कळलं. मी खड्ड्याकडे बघायची, म्हणून खड्ड्यातच जायची. नजर समोर, हे तिच्या सरांचं मी हँडलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

मे महिन्यात पुण्याला गेले, तेव्हा तिचा घोडा पाहिला. मोठं जनावर, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. मी समोरून थेट हात करणार होते, तिनं मला बाजूला घेतलं. "आजी, बाजूनं ये, समोरून त्याला दिसत नाही." मानेवर हात ठेवला. गरम होती, आणि खाली नाडी लागत होती. बसायचं का, असं सरांनी गमतीनं विचारलं. मनगटाकडे बघून नको म्हटलं. नातीनं दोन फेऱ्या दुडक्या चालीनं मारल्या. ताडपत्रीच्या कोपऱ्यावरून जाताना तिचे ओठ हलत होते. मोजत होती. तिथं घोड्यानं कान टवकारले, हिनं मान वर ठेवली आणि दोघं पुढं गेली. त्याहून वेगात ती अजून जात नाही. मुलाला वाटतं सगळ्या मुली पुढं गेल्या, ही मागे राहिली. मी म्हटलं, राहू दे.

मुलाशी गाडीवरून एकदा भांडण झालं, ते लिहीत नाही. तडजोड अशी झाली: हेल्मेट, अंधाराच्या आत घरी, आणि पोचल्यावर फोन.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस लागायच्या आधी, सकाळी सातला निघाले. पिशवीत पेपर. बाराचा पाढा तीनदा झाला. रपटा दिसायला लागला तशी छाती धडधडायला लागली, अगदी तीच जागा, तीच बांधी, आता नांगरून ठेवलेली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, उतरले. उजवीकडं नीट बघितलं. काहीच नव्हतं, एक बगळा होता. पाणी प्यायले. पुन्हा बसून हळूच निघाले.

मैत्रिणीनं गाडीचा आवाज ओळखला होता. मी आत गेले तेव्हा तिची मान दाराकडंच वळलेली होती. पेपर उघडला, तर तिनं अग्रलेखावर बोट ठेवलं. पूर्ण वाचून घेतला, नावडता असूनही.

तिथूनच नातीला फोन लावला.

"थांबलीस का त्या जागेवर, की न थांबता गेलीस?" तिनं विचारलं.

"थांबले. मग गेले."

"चालतं," ती म्हणाली, "आमचे सर पण थांबवतात."