शिबिरात तपासलं, पुढे काय?



आज एका कागदाबद्दल लिहायचं आहे. तुमच्याही घरात तो असण्याची शक्यता आहे. फ्रिजवर, विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात, नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात. वर एखाद्या सेवाभावी क्लबचं नाव, खाली तुमचं नाव, वय, वजन, बीपी, साखर आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांची घाईघाईत केलेली सही. मोफत आरोग्य तपासणी शिबिरात मिळालेला हा कागद.

अशा कितीतरी कागदांवर माझी सही आहे. त्यातल्या एका सहीने मला बराच काळ स्वस्थ बसू दिलं नाही. आजची गोष्ट त्या सहीची.

विचुंब्यातला तो रविवार

विचुंबे हे नवीन पनवेलला लागून असलेलं गाव. मध्ये जुनं गावठाण, एकेकाळी भोवती भाताची खाचरं. आता त्या खाचरांच्या जागी इमारती आल्या आहेत. गावातली जुनी घरं, मुंबईला रोज ये-जा करणारे नोकरदार, बांधकामावरचे मजूर आणि नवीन पनवेलच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका असे सगळे एकाच रस्त्यावर भेटतात. अशा ठिकाणी शिबिर लावलं की गर्दी होतेच.

आमच्या भागातल्या एका क्लबचा मी बरीच वर्षं सभासद आहे. त्या रविवारी शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती. बाहेर मंडप, फ्लेक्स, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ, आलेल्यांसाठी चहा-बिस्किटं. मी बीपीच्या टेबलावर होतो. साधारण पन्नाशीच्या एक मावशी समोर बसल्या. बीपी १९०/११०. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तेवढंच.

"मावशी, काही त्रास होतो का? डोकं दुखतं, चक्कर येते?"

"नाही हो डॉक्टर, मला काय धाड भरलीये!"

मी कागदावर लिहिलं, 'बीपी खूप जास्त. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.' त्याखाली दोन रेघा मारल्या, सही केली, तोंडीही सांगितलं. मावशींनी मान हलवली. मागे रांग होती. मी पुढचा नंबर पुकारला.

काही महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून माझ्याकडे घेऊन आला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं अडखळतं. पक्षाघात. मी लगेच रुग्णवाहिका बोलावून त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. निघताना मुलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागे ठेवलेला होता म्हणे. दोन रेघा तशाच होत्या. खाली माझी सही.

तो रागावला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?"

हो. माहीत होतं.

त्या का आल्या नाहीत?

मावशी वाचल्या. व्यायामाने हातात थोडी ताकद आली, पण भांडी घासण्याचं काम सुटलं ते सुटलंच. पुढे त्या तपासणीला यायला लागल्यावर मी एकदा विचारलं, तेव्हा का आला नाहीत? त्यांनी सरळ सांगितलं, "दुखत काहीच नव्हतं. दवाखाना सकाळचा, माझी कामं सकाळची. खाडा केला की पैसे कापतात. आणि मला वाटलं, तपासलं म्हणजे झालं."

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. शिबिरात तपासणी होते, उपचार होत नाहीत. पण मंडप, पांढरे कोट, यंत्रं, फोटो हे सगळं पाहिल्यावर माणसाला वाटतं की आपल्या तब्येतीसाठी करायचं ते आज केलं. उच्च रक्तदाब बहुतेकांना दुखत-खुपत नाही. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणणं सोपं जातं आणि ते 'नंतर' उगवतच नाही.

औषधांच्या खर्चाचंही तसंच. बीपीच्या साध्या गोळ्या महाग नाहीत. जनऔषधी दुकानात दहा गोळ्यांचं पाकीट वडापावापेक्षा स्वस्त मिळतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. विचुंब्याच्या माणसाला नेऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय दोन्ही जवळ आहेत. गोळी होती, डॉक्टर होते. मधलं अंतर पार करायला मावशींना एक बुडालेला दिवस, रिक्षाचं भाडं आणि 'चला, मी येते सोबत' म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

क्लबचा पैसा कुठे जातो?

क्लबचे पैसे येतात कुठून, हे पुष्कळांना माहीत नसतं. सभासदांची वर्गणी असते, त्यातून क्लबचा स्वतःचा खर्च चालतो. सेवेच्या कामासाठी वेगळा निधी उभा करावा लागतो. दिवाळीत फराळाचा स्टॉल लावायचा. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एखाद्या नाटकाचा प्रयोग घ्यायचा आणि तिकिटं नातेवाइकांच्या गळ्यात मारायची. स्मरणिका काढायची आणि जाहिरातींसाठी दुकानदारांच्या पायऱ्या झिजवायच्या. लायन्स क्लबांच्या जागतिक संघटनेचा तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, क्लबच्या कारभारासाठी वापरायचा नाही. हिशेबाची दोन खाती वेगळी ठेवायची.

मावशींच्या प्रसंगानंतर मी त्या शिबिराचा जमाखर्च मागवून पाहिला. हिशेब चोख होता. मंडप, फ्लेक्स, लाऊडस्पीकर, चहा, साखर तपासायच्या पट्ट्या, सत्कार. प्रत्येक पावती जागेवर. पण सगळा खर्च त्या एका रविवारचा. सोमवारसाठी एक रुपयाही नव्हता.

यात कुणाची लबाडी नव्हती. आम्ही सगळ्यांनी मनापासून काम केलं होतं. आमची समजूतच अशी होती की शिबिर म्हणजे सेवा. खरं तर शिबिर ही सेवेची नोंदणी असते.

डोळ्यांची शिबिरं जास्त यशस्वी का होतात?

हे मला मोतीबिंदूच्या शिबिरांवरून उमगलं. १९२५ साली अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सभासदांना अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं. तेव्हापासून डोळे हे त्या क्लबांचं मुख्य काम झालं. आपल्याकडे पूर्वी शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत शस्त्रक्रिया व्हायच्या. त्यात जंतुसंसर्गाचा धोका होता. आता गावात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला रुग्णालयात नेतात. क्लब गाडी पाठवतो, जेवण देतो, रुग्णाला घरी आणून सोडतो. डोळ्यात घालायचे थेंब आणि पुन्हा तपासायची तारीख दिली जाते. म्हणजे तपासणीनंतरची सगळी वाट आधीच आखलेली असते.

पोलिओचंही तेच. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ हटवण्याचा विडा उचलला आणि त्यासाठी गावोगावच्या क्लबांनी निधी जमवला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तुमच्या मुलांच्या करंगळीवर शाईची खूण असायची, आठवतं? बूथ झाल्यावर कार्यकर्ते घरोघर फिरायचे आणि दारावर खडूने खुणा करायचे. कुठल्या घरातलं मूल राहिलं, ते त्या खुणेवरून कळायचं आणि तिथे पुन्हा जायचं. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळलेला तो शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. लस तर हवीच होती, पण राहून गेलेल्या घरी पुन्हा जाणाऱ्या माणसांशिवाय ती पोहोचली नसती.

आमच्या बीपीच्या शिबिरात खडूची खूण करणारं कुणीच नव्हतं.

मग आम्ही काय केलं?

पुढच्या सभेत मी प्रस्ताव मांडला. वर्षाला चार शिबिरं घेतो, त्याऐवजी दोन घेऊ. उरलेल्या पैशातून एक वही, एक फोन आणि रिक्षाचं भाडं. ज्यांचं बीपी किंवा साखर जास्त निघेल, त्यांना विचारून त्यांचा नंबर लिहून घ्यायचा. आठवड्यात एक फोन, महिन्याने दुसरा, तीन महिन्यांनी तिसरा.

खजिनदारांनी प्रामाणिक शंका काढली, "डॉक्टर, फोटो कशाचा काढायचा? फोनवर बोलणाऱ्या बाईचा?" सगळे हसले, मीही हसलो. पण शंका खरी होती. देणगी देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं. यंत्रावर नाव टाकता येतं, बाकावर टाकता येतं. 'या फोनकॉलचे देणगीदार' असा फलक कुठे लावणार?

एका दुकानदारांनी तो प्रश्न सोडवला. त्यांचे वडील पक्षाघाताने गेले होते. ते म्हणाले, "माझं नाव नको. रिक्षाचे पैसे माझ्याकडून घ्या." क्लबमधल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी फोनचं काम घेतलं. त्यांच्या आवाजात अजून हजेरी घेण्याची जरब आहे, त्यामुळे लोक निमूटपणे दवाखान्यात जातात!

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. काही नंबर बंद लागतात. भाडेकरू घर बदलून जातात. काहीजण 'उद्या नक्की' म्हणत वर्ष काढतात. पण पूर्वी वहीच नव्हती, त्यामुळे कोण राहिलं हेही कळत नव्हतं. आता कळतं, आणि पुन्हा फोन लावता येतो.

आता तुमच्यासाठी

शिबिरात जाणार असाल तर:

१. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला असावा. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या.

२. एकदा बीपी १४०/९० किंवा जास्त आलं म्हणून लगेच आजार ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. पण १८०/११० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

३. बोटातून रक्त घेऊन पाहिलेली साखर ही फक्त सूचना असते. निदानासाठी प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त तपासा. १२६ किंवा जास्त आली, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आलं, तर मधुमेहाची शक्यता आहे. सहसा दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

४. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं एक जरी अचानक झालं तर १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यात येण्यात वेळ घालवू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

५. गोळ्या सुरू झाल्यावर बीपी नॉर्मल आलं, तर ते गोळ्यांमुळे आलेलं असतं. आपल्या मनाने बंद करू नका.

क्लबला देणगी देत असाल तर पावती घेताना एक प्रश्न जरूर विचारा, "ज्यांचं काही निघेल, त्यांचं पुढे कोण बघणार?" उत्तर मिळालं तर निश्चिंत मनाने द्या. नाही मिळालं तरी द्या, पण 'हे पैसे त्या कामाला वापरा' असं सांगून द्या.

आणि आज एवढं करा. घरात तो कागद शोधा. त्यावर कुठे दोन रेघा मारलेल्या असतील तर उद्या सकाळी तो घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. कागद जुना असला तरी चालेल. शेजारच्या मावशींकडे असेल तर त्यांना सोबत घेऊन जा.

मावशी आता दर महिन्याला येतात. परवा बीपी १२८/८० आलं. त्यांनी डाव्या हाताने पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "लिहा. आणि पुढची तारीखबी लिहा."

मी आधी तारीख लिहिली, मग सही केली.