खोदाईची बाब

२०१६ च्या डिसेंबरात मी नगरसेविका झाले. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदेचं, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतलं. प्रचारात घरोघर फिरताना प्रभागातल्या बायकांनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. नळाला वेळेवर पाणी आणि दारापुढं रस्ता. रस्ता तरी करून द्यायचाच, असं मी मनाशी धरलं होतं.

पहिल्या आठवड्यात लेखापालांच्या टेबलासमोर बसले, तेव्हा कळलं की रस्त्याला पैसे आपल्याकडं नाहीतच. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तेव्हापासून शासनाचं सहायक अनुदान येतं, ते पगार आणि वीजबिलं यांतच सरतं. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली म्हणजे दरवर्षीची ओढाताण. पण त्या वर्षी एक वेगळी गोष्ट घडली होती. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा काही दिवस कर भरायला चालतील असं जाहीर झालं. नगरपरिषदेच्या खिडकीवर रांगा लागल्या. वर्षानुवर्षांची थकबाकी लोक आपणहून भरून गेले.

लेखापाल मला म्हणाले, “ताई, ही रक्कम दिव्यांवर आणि कमानीवर उडवू नका. स्वहिस्स्याला ठेवा.”

स्वहिस्सा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २०१० साली, नगरोत्थान महाभियान सुरू झालं. त्याचे दोन भाग, एक राज्यस्तर आणि दुसरा जिल्हास्तर. आमच्यासारख्या लहान गावाला शंभरातले नव्वद शासन देणार, दहा आपण घालायचे. ते दहा तयार नसतील तर नव्वद येत नाहीत. सभेत मी हा मुद्दा मांडला. कमान हवी असलेले सदस्य नाराज झाले, पण रक्कम बाजूला राहिली. त्या लेखापालांचे उपकार गावानं विसरू नयेत.

आमच्या प्रभागात एकमेकींना लागून चार गल्ल्या आहेत. शेजारच्या प्रभागातल्या एका गल्लीत काही वर्षांपूर्वी बाहेरच्याच निधीतून काँक्रिटीकरण झालं होतं. जुन्या डांबरावर सरळ सहा इंचांचा थर ओतला होता. रस्ता गुळगुळीत झाला, उद्घाटन झालं, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला पाणी घरांत शिरलं. जोत्यापेक्षा रस्ता उंच झाला होता. तिथल्या एका आजींनी उंबऱ्यावर विटांचा बांध घातलेला मी पाहिला होता. त्यांना घरात जाताना एक पाऊल वर आणि मग दोन पावलं खाली टाकावी लागत. गुडघे दुखत असलेल्या बाईला हे रोज किती वेळा करावं लागत असेल?

म्हणून आमच्या चार गल्ल्यांचं अंदाजपत्रक हातात आलं, तेव्हा मी आधी एकच बाब शोधली. ती त्यात नव्हती. खोदाई. जुना थर तसाच ठेवून वर काँक्रीट, एवढंच धरलं होतं. अभियंत्यांना विचारलं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, “मॅडम, खोदाई, राडारोडा वाहून नेणं, खाली मुरूम, खडी, असं सगळं धरलं तर या रकमेत चार गल्ल्या बसत नाहीत. दोन बसतील.”

मी म्हटलं, आधी लेव्हल घेऊ. डंपी लेव्हलचं यंत्र आणि पट्टी घेऊन आम्ही दोन सकाळी चारही गल्ल्या मोजल्या. ४१ घरांचे उंबरे वहीत उतरले. नियोजित रस्ता झाला असता तर त्यांतल्या १७ घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले असते. ती वही अजून माझ्याकडं आहे.

मारुतीच्या देवळात बैठक घेतली. वही वाचून दाखवली आणि सांगितलं की यंदा दोनच गल्ल्या करू, नीट करू, उरलेल्या दोन पुढच्या प्रस्तावात. पहिल्या दोन गल्ल्यांतले लोक गप्प बसले. तिसऱ्या गल्लीतले एक गृहस्थ उभे राहिले. “ताई, मतं मागायला आलात तेव्हा चार गल्ल्या होत्या. आता दोनच कशा?” त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते त्यांच्या दारापुढच्या चिखलाचं उत्तर नव्हतं. कुठल्या दोन गल्ल्या आधी, हे पाणी कुठं जास्त तुंबतं त्यावरून ठरवलं. माझं घर चौथ्या गल्लीत आहे. ते मागं राहिलं, म्हणून निदान तोंड दाखवायला जागा राहिली.

मग कागदांचा प्रवास. सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेकडून प्रशासकीय मान्यता. प्रस्ताव दोनदा परत आला. एकदा रस्त्याची जागा नगरपरिषदेच्या ताब्यात असल्याचा दाखला जोडला नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा, हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून झालेलं नाही असं प्रमाणपत्र हवं होतं म्हणून. दोन्ही मागण्या रास्त होत्या. एकाच रस्त्याची दोनदा बिलं निघाल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. मला खटकलं ते वेगळंच. ज्या मुद्द्यावर रस्त्याचं आयुष्य आणि घरांचं सुख ठरतं, त्या उंबऱ्यांच्या लेव्हलचा कागद कुणीच मागितला नाही. तो आम्ही आपणहून जोडला. निधी देणारं कार्यालय गावापासून लांब असतं. त्याला लांबी, रुंदी, जाडी आणि रक्कम दिसते, उंबरा दिसत नाही. तो दाखवणं मागणाऱ्याचं काम आहे, हे मला त्या खेपांत पटलं.

मार्च २०१८ मध्ये मान्यता आली. ई-निविदा होऊन काम सुरू व्हायला दिवाळी उलटली. तेवढ्या वेळात एक गोष्ट करून घेतली. काँक्रीट झालं की महिन्याभरात कुणाची तरी नळजोडणी निघते आणि नवा रस्ता फोडला जातो, हे आम्ही पाहत आलो होतो. म्हणून ज्यांची जोडणी बाकी होती त्यांना अर्ज भरायला लावले, आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडवे रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवले. पुढं वायर असो की नळी, त्यातून ओढता येईल. खर्च अगदी किरकोळ.

खोदाई सुरू झाली त्या दिवशी अख्खी गल्ली बाहेर उभी होती. वरचं डांबर निघालं, त्याखाली खडी, त्याखाली पुन्हा डांबर, मग मुरूम आणि सगळ्यांत खाली दगडी फरसबंदी. पूर्वी प्रत्येक वेळी आधीचा थर न काढता नवा घातला होता. जुन्या घरांपुढं तर आणखी एक गोष्ट वर आली. पायऱ्या. एका वाड्याच्या दारापुढं घडीव दगडाच्या दोन पायऱ्या निघाल्या. त्या घरातल्या सत्तरीच्या काकू खाली वाकून त्यांवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हा याच पायरीवर माप ओलांडायला उभी होते गं. नंतर कधी बुजली, ध्यानातच आलं नाही.”

आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट टिकत नाही, म्हणून मुरमाची भर दाबून घेतली. वर खडीचा थर, त्यावर एम-३० काँक्रीट. या आकड्याचा अर्थ अभियंत्यांनी मला समजावला होता, की २८ दिवसांनी त्याच्या ठोकळ्यानं प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसला पाहिजे. ओततानाच सहा इंची ठोकळे भरले, त्यांवर तारीख घातली आणि ते अभियांत्रिकी महाविद्यालयात तपासणीला पाठवले. सांधे कापायला ठेकेदार चालढकल करत होता. दुसऱ्या दिवशीच कापले नाहीत तर काँक्रीट स्वतःच हवं तिथं तडकतं. त्या रात्री दहापर्यंत अभियंता आणि मी तिथं उभं राहून ते कापून घेतले. पाणी मारायला जानेवारीत टँकर मिळेना, तेव्हा एका शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवरून पाइप दिला. गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावून दोन आठवडे गोणपाटं ओली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या दारापुढचं काम म्हणून त्यांनी ते केलं.

२०१९ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. ऑगस्टात सांगली शहर महापुरात बुडालं. आमचं गाव नदीपासून दूर, पण पाऊस आम्हीही पाहिला. त्या दोन गल्ल्यांत पाणी मधून वाहत गटारीला गेलं आणि एकाही घरात शिरलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या गल्लीत गुडघाभर चिखल होता.

उरलेल्या दोन गल्ल्यांचा प्रस्ताव आम्ही २०२० च्या सुरुवातीला पाठवला. मार्चात करोना आला. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाचा निर्णय निघाला, विकासकामांना ३३ टक्केच निधी आणि नवीन कामं घ्यायची नाहीत. त्या वेळी दवाखाने आणि औषधं यांना पैसा जाणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचा कागद तिथंच थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये आमची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. चार वर्षं तिसऱ्या गल्लीतल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं घेऊन ज्याच्याकडं जावं असं निवडून दिलेलं माणूसच नव्हतं.

मधल्या काळात कुणीतरी त्या दोन गल्ल्यांचं नवं अंदाजपत्रक केलं असं कळलं. कार्यालयात जाऊन पाहिलं. दर नवे आहेत, लांबी तीच आहे, आणि खोदाईची बाब पुन्हा वगळलेली आहे. तेवढ्याच पैशांत आणखी एक गल्ली बसवता यावी म्हणून.

मी त्या निवडणुकीला उभी राहिले नाही. प्रभागातून जे दोघं निवडून आले, त्यांच्या घरी जाऊन मी वहीची प्रत दिली आहे. त्यांना आणि ज्यांच्या गावात असा प्रस्ताव तयार होत असेल त्या प्रत्येक सदस्याला माझी हात जोडून विनंती आहे. ठरावाला सूचक-अनुमोदक होण्याआधी अंदाजपत्रक मागवा, त्यात खोदाई आहे का बघा, आणि नसेल तर एका सकाळी अभियंत्यांना बरोबर घेऊन उंबरे मोजा. ४१ घरांना आम्हाला दोन सकाळी लागल्या होत्या.