आधी जमीन पाहावी

आमच्या कुळात कोणी कोंबडी पाळल्याचे ऐकिवात नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ग्रामकुक्कुट अभक्ष्यांच्या पंक्तीस बसविला आहे. त्यामुळे शेजाऱ्याचा कोंबडा अंगणात आला तर त्यास हुसकावून लावणे, एवढाच त्याच्याशी आमच्या घराण्याचा संबंध. आमचा स्वतःचा परिचय झाला तो व्याकरणातून. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत सांगताना पाणिनीने उकारच का घेतला, तर कोंबड्याच्या आरवण्यात या तिन्ही मात्रा क्रमाने ऐकू येतात म्हणून, असे आम्हांस पाठशाळेत सांगण्यात आले होते. हे ज्ञान आम्ही पुढे कित्येक वर्षे मुलांस दिले. परंतु कोंबडीचे पिलू हातात घेण्याचा प्रसंग वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आला. त्या प्रसंगात आमची शोभा नाही. तरी वाचकांस उपयोग होईल म्हणून तो येथे सांगत आहोत.

सन २०२४ चा माघ महिना. आमच्या पेणच्या घरी पंचवीस वर्षे कामास येणाऱ्या एक बाई आहेत. घरातील लहानथोर त्यांस मावशी म्हणतात. त्यांची खुडूक कोंबडी नऊ अंड्यांवर बसली होती. अठराव्या रात्री मुंगसाने खुराड्यात शिरून ती कोंबडी मारली. त्याच पहाटे रोह्याहून निरोप आला की, लेकीस कळा सुरू झाल्या आहेत. मावशी अंड्यांची टोपली चिंध्यांत गुंडाळून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, एवढी दिव्याखाली ठेवा. तीनच दिवस राहिलेत. मी रोह्याला गेल्याशिवाय भागायचं नाही."

या नऊ अंड्यांत त्यांच्या चार-सहा महिन्यांच्या वरकड खर्चाची सोय होती. तलंगा निघाल्या तर अंडी मिळणार, कोंबडे निघाले तर विकता येणार. आम्ही होकार दिला. आमच्या सौभाग्यवतींनी एकच अट घातली, "देवघराच्या बाजूस नको." तेव्हा मागील पडवीत एका खोक्यात चाळीस वॅटचा जुना पिवळा दिवा टांगून आम्ही अंडी मांडली.

अंडे उबण्यास एकवीस दिवस लागतात आणि उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असावी लागते. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. पुढे त्यांस हात लावावयाचा नाही, मात्र हवेत ओलावा अधिक हवा. एवढे वाचून आम्ही खोक्यात पाण्याची वाटी ठेविली व तापमापक लाविला. एकविसाव्या दिवशी पहाटे आतून चिवचिव ऐकू आली. पिलाच्या चोचीवर एक बारीक कठीण टोक असते; त्याने ते कवच फोडते. पहिली चीर पडल्यापासून बाहेर येईपर्यंत पुष्कळदा बारा ते चोवीस तास जातात. या अवधीत ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतील पापुद्र्यातील रक्त अंगात घेत असते. त्या बलकावर बाहेर आल्यानंतरही दोन दिवस त्याचा निर्वाह होतो.

हे सारे आम्ही वाचले होते. तरीही सायंकाळपर्यंत सहा पिले बाहेर आली आणि सातवे नुसतीच चोच दाखवून थांबले, तेव्हा आमचा धीर सुटला. जन्मभर अडखळणाऱ्या मुलाच्या तोंडचे वाक्य आपणच पुरे करण्याची आम्हांस सवय! आम्ही नखाने कवच सोलले. पापुद्र्यास रक्त आले. पिलू बाहेर आले खरे, पण अत्यंत निर्जीव. उरलेली दोन अंडी फुटलीच नाहीत.

दुसरी चूक आम्ही स्वच्छतेच्या नावाखाली केली. पिले वाळल्यावर त्यांस दुसऱ्या खोक्यात हलविले आणि तळाशी वर्तमानपत्राचा गुळगुळीत रंगीत कागद अंथरला. दर दोन तासांनी तो बदलू लागलो आणि आपल्या व्यवस्थेचे आम्हांस कौतुकही वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सातांपैकी दोन पिले पोटावर पडलेली, पाय दोहों बाजूंस वल्ह्यांसारखे पसरलेले! एक होते ते आम्ही सोडविलेले. आणखी एकाच्या पायाची बोटे आत मुठीसारखी वळली होती. आम्हांस वाटले, मावशींच्या कोंबडीचे वाणच हीन असावे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी पिलांकडे पाहण्यापूर्वी विचारले, "खाली काय अंथरलं आहे?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "वाण चांगलं आहे, गुरुजी. जमीन निसरडी आहे." नुकत्या जन्मलेल्या पिलाचे सांधे व स्नायू कोवळे असतात. पावलास पकड मिळाली नाही म्हणजे पाय बाजूस सरकतात, आणि एक-दोन दिवस तसेच राहिले म्हणजे तेच वळण पक्के होते. उबविताना उष्णता कमीअधिक झाली तरी असे होऊ शकते. परंतु निसरडा तळ हे नेहमी आढळणारे कारण. उपाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच केला पाहिजे. आमच्या पेणेत गणपतीच्या कारखान्यांतून शाडूचे काम चालते. माती ओली आहे तोवर मूर्तीचा हात बोटाने वळतो, वाळल्यावर तुटतो. डॉक्टरांचे म्हणणे आम्हांस तत्काळ पटले.

घरी येऊन कागद काढला व गोणपाट अंथरले. पाय बांधण्याचे काम आमच्या थरथरत्या हातांस जमेना, ते सौभाग्यवतींनी घेतले. पिलू सरळ उभे राहील तेव्हा दोन पायांत जेवढे अंतर पडेल, म्हणजे सुमारे एक इंच, तेवढे ठेवून चिकटपट्टीची बारीक फीत दोन्ही पायांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळावयाची. ती आवळू नये म्हणून आत कापूस घालावयाचा. तो कापूस त्यांनी फुलवातींच्या डब्यातून काढला. देवघराच्या बाजूस पिले नकोत म्हणणाऱ्या बाईंनी देवाचा कापूस त्यांच्या पायांस बांधला. यावर आम्ही काही बोललो नाही. बोटे वळलेल्या पिलासाठी जाड कागदाचा पावलाएवढा तुकडा कापून बोटे सरळ करून त्यावर चिकटविली. मातेच्या आहारात ब-२ जीवनसत्त्व कमी पडले तर पिलांची बोटे अशी वळतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर राहणाऱ्या कोंबडीस ते पुरेसे मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध पाण्यातून सुरू केले. पाण्याची ताटली उथळ ठेवून तीत खडे घातले, कारण बांधलेले पिलू पाण्यात पडले तर उठत नाही. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब हवी, पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंश कमी करावी. मात्र तापमापकाहून पिलेच अधिक खरे सांगतात : थंडी वाजली तर दिव्याखाली गोळा होतात, उकडले तर दूर पळून चोच वासतात.

तिसऱ्या दिवशी फीत सोडली. एक पिलू डगमगले, दोनदा बसले आणि तिसऱ्यांदा उभे राहिले. बोटे वळलेलेही आठवडाभरात नीट चालू लागले. सातवे मात्र उठले नाही. त्याच्या गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यास सूज होती. सांध्यामागील शीर जागेवरून घसरली आहे, आता ती बसविता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही हाताने पाणी पाजले, चोचीत दाणा भरविला. सहाव्या रात्री ते आमच्या ओंजळीत गेले. संस्कृतात पक्ष्यासही द्विज म्हणतात, कारण त्याचा एक जन्म अंड्याच्या रूपाने आणि दुसरा अंड्यातून. त्या द्विजाचा दुसरा जन्म आम्ही उतावीळपणे ओढून काढला होता.

दहाव्या दिवशी सहा पिले टोपलीत घालून आम्ही पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. मावशींस अद्याप बाळंतिणीजवळून हलता येत नव्हते, आणि पिले लेकीच्या अंगणात वाढवावी असा त्यांचा निरोप होता. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने मागे जात होती आणि मनात एकच विचार चालला होता. नवांपैकी किती फुटली हे मावशींस ठाऊक नव्हते. तीन अंडी वाया गेली असे सांगितले असते तर गोष्ट तेथेच मिटली असती. चूक लपविणाऱ्या मुलास आम्ही वर्गात उभे करीत असू. गाडीत आमच्यासमोर कोणी मास्तर नव्हता.

कुंडलिकेच्या काठाजवळ त्यांच्या लेकीचे घर. आत नवजात नातू रडत होता. आम्ही टोपली खाली ठेविली व म्हणालो, "मावशी, सात निघाली होती. सातवे आमच्या हाताने गेले. आम्ही ते ओढून काढले आणि गुळगुळीत कागदावर ठेवले."

मावशींनी एकेक पिलू उचलून पाय पाहिले. फितीची खूण राहिली होती त्यावरून बोट फिरविले. "कागदावर कशाला, गुरुजी? सारवलेल्या जमिनीवर सोडायची. तिथं पाय घसरत नाही."

आम्ही सातव्या पिलाचे पैसे पुढे केले. वाटले होते, त्या नको म्हणतील. त्यांनी मोजून घेतले व म्हणाल्या, "घेते. नाही घेतले तर तुम्हाला झोप यायची नाही." मग आत जाऊन नातवास घेऊन आल्या व आमच्या मांडीवर दिला.

फीत बांधलेली ती तलंग पुढे चांगली अंड्यावर आली. चालताना तिचा डावा पाय किंचित बाहेर पडतो, एवढेच.

आता रात्री कधी जाग आली म्हणजे वर्गातील काही मुले आठवतात. बाकावर नीट न बसणारी, उभे केले तर भिंतीस टेकणारी, उत्तर देताना घसरणारी. त्यांच्या वाणाविषयी आम्ही प्रगतिपुस्तकात पुष्कळ लिहिले. त्यांच्या पायांखाली काय अंथरले आहे, हे पाहावयास मात्र एकदाही वाकलो नाही. असो. पिलू पाळणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच : पाय फाकला तर आधी जमीन पाहावी, आणि पाहण्यास उशीर करू नये.