काकूंच्या दाढेबद्दल

श्रीपूर, श्रावण

प्रिय सखे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. ‘आईला एका दिवसात दात बसवून दे, इकडे सगळे तसंच करतात,’ हा तुझा आग्रह कळला. काकूंची खालची दाढ मलाही लवकरच बसवायची आहे. त्यांना कडक भाकरी आमटीत भिजवून खावी लागते, हे मला बघवत नाही. पण त्यांच्याबाबत घाई मी करणार नाही. का, ते सविस्तर सांगते.

टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, जबड्यात बसवला की त्याला चिकटून नवं हाड तयार व्हावं लागतं. हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिलं. १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघता निघेना, तिथून सुरुवात झाली. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले आणि ते चाळीस वर्षांहून जास्त टिकले. जगाने ही पद्धत मानली ती १९८२ च्या परिषदेनंतर, आणि ती भरली होती तुझ्या टोरांटोत!

ब्रोनेमार्क यांचा शिरस्ता कडक होता. स्क्रू बसवायचा, वर हिरडी शिवून तो पूर्ण झाकायचा. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं, मग हिरडी पुन्हा उघडून वरचा भाग जोडायचा. स्वित्झर्लंडच्या श्रोडर यांच्या गटाने दुसरी वाट धरली. त्यांनी स्क्रूचं डोकं, म्हणजे वरची टोपी, पहिल्यापासून हिरडीबाहेर ठेवलं. त्यामुळे दुसरी चिरफाड वाचते आणि हिरडी त्या टोपीभोवतीच भरून येते. या दोन्ही पद्धतींची तुलना करणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २००९ मध्ये आला. त्यात पाच चाचण्या आणि २३९ रुग्ण होते, आणि दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. तू म्हणतेस ती तिसरी तऱ्हा, म्हणजे लगेच वर दातही चढवायचा. तीही यशस्वी होते, पण त्यासाठी तोंड निवडून घ्यावं लागतं.

सगळा प्रश्न स्क्रू हलण्याचा आहे. सुरुवातीला जुनं हाड त्याला घट्ट धरून असतं. पुढे त्या हाडाचा काही भाग झिजतो आणि नवं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सगळ्यात कच्ची असते. त्या काळात स्क्रू साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो. तो इम्प्लांट मग काढावाच लागतो. आपल्याकडे उसाचं बेणं लावल्यावर मुळं धरेपर्यंत कोणी उपसून बघत नाही ना, तसंच हे.

आता काकूंचं बघ. साखर आहे. गेल्या खेपेचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मला पसंत नाही. त्या काढता-घालता येणारी कवळी वापरतात, ती नेमकी त्या जागेवर दाबते. आणि सकाळची मशेरी सुटलेली नाही. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उघड्या टोपीच्या पद्धतीत मशेरीचं बोट रोज त्याच जखमेवरून फिरणार. म्हणून माझा कल स्क्रू झाकून ठेवण्याकडे आहे. दुसऱ्यांदा छोटा काप द्यावा लागेल, तो मला चालेल.

तरी शेवटचा निर्णय खुर्चीवर होईल. स्क्रू बसवताना पकड किती मिळते ते यंत्र दाखवतं. ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त मिळाली, साखर आटोक्यात असली आणि मशेरी खरोखर सुटली असली, तर मी टोपी बाहेर ठेवेन. त्याच दिवशी चावायचा दात मात्र नाहीच.

तू रक्तापासून केलेल्या पडद्याबद्दल विचारलंस. शुक्रून या फ्रेंच डॉक्टरांनी २००१ मध्ये ती पद्धत मांडली. रुग्णाचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मिळालेला फायब्रिनचा थर जखमेत ठेवतात. हिरडी शांत व्हायला मदत होते, म्हणून मी तो वापरेन. पण हाड धरायचा काळ त्याने वगळता येणार नाही.

काकूंनी काल विचारलं, ‘हुरड्यापर्यंत चावता येईल का गं?’ पोळ्याच्या सुमारास स्क्रू बसला, तर येईल. आधी साखर खाली यायला हवी. त्यांना ऊस दाताने सोलायचा सोस आहे, ते मात्र नवीन दाढेने नको. खऱ्या दातासारखं मुळाभोवतीचं अस्तर इम्प्लांटला नसतं, त्यामुळे जोर किती पडतोय ते नीट कळत नाही.

मशेरीचं माझं कोणी ऐकत नाही. तुझ्या शब्दाला काकू नाही म्हणत नाहीत. रविवारी फोन करशील तेव्हा आधी तेच विचार, आणि डब्या दिवाणाखालच्या पेटीत असतात, हेही तुला माहीत आहे असं सांग.

तुझी,
श्रीपूरची मैत्रीण